कानो मास्तरांचं तळं

गेल्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रात्रीच्या पावसात, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये घोटाभर पाणी शिरलं आणि ज्युदोच्या चोवीस मॅट भिजल्या. सकाळी सात वाजता मी कुलूप उघडलं तेव्हा कडेच्या मॅट तरंगत होत्या आणि मधल्या पाणी पिऊन जमिनीला चिकटल्या होत्या. एक मीटर बाय दोन मीटरची एकेक मॅट, आत दाबून बसवलेला फोम, वर हिरवं रेक्झिन. कोरडी असली की सातवीतल्या दोन मुली एक मॅट सहज उचलून नेतात. त्या दिवशी चौघी लागल्या, तरी शिवणीतून पाण्याची धार गळत होती.

कोकणात जुलैत मॅट वाळवायची कुठे? ऊन नाही, आणि वारा आहे तोही ओला. बाक एकमेकांवर चढवून व्हरांड्यात मॅट उभ्या केल्या, तीन पंखे लावले, आणि रोज त्यांची कूस बदलत राहिलो. तीन आठवड्यांनी सतरा मॅट कामाच्या उरल्या. बाकीच्यांचं रेक्झिन उसवलं तर आतला फोम काळा पडलेला आणि हॉलभर कुबट वास. या मॅट माजी विद्यार्थ्यांनी दोन-दोन हजार रुपये पाठवून पाच वर्षांत जमवून दिल्या होत्या. कुठली मॅट कोणाच्या पैशाची, हे मला पाठ आहे.

पाणी आलं कुठून, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. शाळेच्या वरच्या अंगाला आमची तळी आहे. होती म्हणू की आहे म्हणू, इथे माझी जीभ अजून अडते. चिऱ्यांनी बांधलेली, उतरायला नऊ पायऱ्या. सड्यावरून धावत येणारं पावसाचं पाणी आधी तिच्यात थांबायचं, ती भरली की दक्षिणेच्या तोंडातून व्हाळात उतरायचं. आईने तिथे कपडे धुतले, आम्ही सगळी भावंडं पोहायला तिथेच शिकलो, आणि वाडीतल्या गणपतींचं विसर्जनही तिथेच. त्या पावसाच्या आधीच्या जानेवारीपासून रस्त्याच्या कामातली माती आणि चिऱ्याचे तुकडे तळीत पडायला लागले. गाड्या लावायला जागा हवी, जत्रेला गर्दी होते, तळीचं पाणी आता वापरतं कोण, असं बोलणं झालं होतं. कोणी ठरवलं आणि कोणाच्या डंपरने टाकलं, ते मी इथे लिहिणार नाही. माणसं इथलीच आहेत आणि मला त्यांच्यातच राहायचं आहे. अर्धी तळी बुजली. विसर्जनापुरता एक कोपरा ठेवला. दक्षिणेचं तोंड मातीखाली गेलं. मग पाण्याने आपला उतार शोधला, तो आमच्या मैदानावरून आणि हॉलच्या दारातून.

ग्रामसभेत मी होते. उभी राहिले, दोन वाक्यं बोलले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही पोरांका खेळ शिकवा." मी खाली बसले. घरी येताना स्वतःची समजूत घातली की ज्युदोत आपण मुलांना हेच तर शिकवतो: समोरचा जोर लावत असेल तर त्याच्या जोराला भिडायचं नाही, वाट द्यायची. ती समजूत मला पावसाळ्यापर्यंत पुरली.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण दुसरंच एक तळं आहे, आमच्या तळीपासून हजारो मैलांवरचं. नोव्हेंबरात मी ते बघून आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

माझा भाचा जपानात कशिवा नावाच्या शहरात राहतो, नोकरी तोक्योत. ताई आणि मी त्याच्याकडे बारा दिवस राहिलो. माझं मागणं एकच होतं: कोदोकान दाखव. वीस वर्षं ज्युदो शिकवते आहे, त्याचं मूळ घर बघायचं होतं. तिसऱ्याच दिवशी त्याने नेलं. आठ मजली इमारत, समोर ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांचा पुतळा, आणि आत मुख्य दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, ४२० तातामींचा. तातामी म्हणजे जपानी चटई, जागा तिच्यावरच मोजतात. मी वरच्या बाकावर बसून दोन तास फक्त बघत होते. कोदोकानची सुरुवात १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरातल्या १२ तातामींच्या खोलीत झाली, नऊ शिष्यांवर. कानो तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मुलांच्या आपटण्याने मंदिराची जमीन हादरायची. आमच्या सतरा मॅटचा आकडा मला इतके दिवस छातीत टोचत होता, तो त्या बाकावर बसल्या बसल्या जरा बोथट झाला.

परतताना गाडीत भाचा म्हणाला, "मावशी, कानोंचं घर आपल्याच बाजूला होतं. आबिकोला. तळ्यावर."

मला हे माहीत नव्हतं. कानोंचा जन्म १८६० चा, कोबेजवळच्या मिकागे गावचा, घरची साके गाळण्याची पेढी. लहानपणी आई गेली, मग वडिलांनी तोक्योला आणलं. अंगाने किरकोळ, मोठी मुलं मारायची, म्हणून जुजुत्सु, म्हणजे जुनी जपानी झटापटीची विद्या, शिकायची तळमळ. तिच्या दोन परंपरा ते शिकले, आधी तेन्जिन शिन्यो-र्यू, नंतर कितो-र्यू, आणि त्यांतून घडवलेला ज्युदो. हे सगळं मी मुलांना दर वर्षी सांगते. तळ्याचं मात्र कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आबिकोला गेलो. तळ्याचं नाव तेगानुमा. 'नुमा' म्हणजे उथळ, गाळाचं, काठाला वेत-बोरू माजलेलं पाणी. आपल्याकडे डोंगरात कोंडलेलं खोल पाणी ते तळं, आणि खाजणाच्या बाजूचं पसरट पाणी ते वेगळं. तसाच फरक ते लोकही करतात. तेगानुमाची सरासरी खोली एक मीटरसुद्धा नाही, ०.८६ मीटर. म्हणजे आमच्या सहावीच्या मुलीच्या कमरेच्या जरा वर. आणि पसारा साडेसहा चौरस किलोमीटरचा. मधून एक लांब पूल जातो. त्या पुलावर उभं राहून मी खाली बघितलं तर पाणी डाळीच्या पाण्यासारखं गढूळ, पण जिवंत. शेकड्यांनी चांदवे पोहत होते. काळे, कपाळावर पांढरा टिळा, आपण त्यांना वारकरीही म्हणतो. एक चांदवा बुडी मारायचा, शेवाळाचा झुपका घेऊन वर यायचा आणि लगेच दुसरा त्याच्या चोचीतून तो ओढायचा. पाणकावळे खांबांवर पंख पसरून बसले होते. दोन पांढरे हंस अगदी पुलाच्या सावलीपर्यंत आले. ताई म्हणाली, "आपल्या धामापूरसारखं नाही गं हे." नाहीच. धामापूरचं पाणी झाडीत लपलेलं, हिरवंगार, काठावर देवी. हे उघडं, आभाळाखाली सपाट पसरलेलं, आणि दोन्ही काठांना घरंच घरं.

कानोंचं घर होतं ती जागा स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ, एका टेकाडावर. तेन्जिनयामा म्हणतात. दगडी पायऱ्यांची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना झाडांची दाटी, पानं पडून पायऱ्या निसरड्या झालेल्या. घर आता नाही. झाडं आहेत, मोकळी जागा आहे, आणि कानोंचा पुतळा आहे, साधा उभा. तिथून तळं दिसेल असं मला वाटलं होतं. खाली घरांची छपरं आणि त्यांच्या मागे पाण्याची एक पट्टी दिसली. भाच्याने खाली, टेकाडाच्या पायथ्याने जाणारा रस्ता दाखवला. त्याला 'हाके नो मिची' म्हणतात, कड्याच्या पायथ्याची वाट. ती वाट हा पूर्वीचा काठ. म्हणजे कानोंच्या काळी पाणी तिथपर्यंत होतं. त्या वाटेवर उभं राहून मी पाण्याच्या दिशेला पावलं मोजायला लागले. घरं, एक बाग, मोटारींचा रस्ता, मग पुन्हा गवत. दोनशे पावलांनंतर मोजणं सोडून दिलं. आमच्या तळीचा बुजलेला भाग मी असाच मोजला होता. तो बावीस पावलं आहे.

या तळ्याची कथा फार जुनी आहे आणि ती ऐकताना मला पुन्हा पुन्हा आपला कोकणच आठवत होता. फार पूर्वी तिथे समुद्राचं पाणी आत शिरलेलं होतं, कातोरीचा समुद्र म्हणायचे, आपल्या खाड्यांसारखंच. तेगानुमा हा त्याचा उरलेला तुकडा. सतराव्या शतकात शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या राज्यात तोने नावाच्या मोठ्या नदीचा प्रवाह पूर्वेकडे वळवला गेला आणि ती थेट महासागराला मिळायला लागली. तेव्हापासून नदीला पूर आला की पाणी उलटं तळ्यात शिरायचं. काठच्या शेतकऱ्यांचं भात बुडायचं. आणि ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना त्या पसरट उथळ पाण्यात भातशेतीची जमीन दिसायची. अठराव्या शतकात तळं आटवायचे प्रयत्न झाले, आडवे बांध घातले, पुरांनी ते फोडले. तानुमा ओकित्सुगु नावाच्या बड्या सरदाराने तेगानुमा आणि शेजारचं इनबानुमा अशी दोन्ही तळी आटवायला घेतली होती. १७८६ च्या महापुराने ते काम वाहून नेलं. खारभूमीचा बांध फुटल्यावर रात्रीतून भातात खारं पाणी शिरतं, ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काठच्या लोकांचं पोट मात्र त्या पाण्यावर चालायचं. तेगानुमाची ईल मासळी नावाजलेली होती. ईल म्हणजे आपला अहीर, वाम म्हणा. हिवाळ्यात बदकांची शिकार चालायची. तळ्यातलं पाणवनस्पतींचं गवत काढून शेताला खत म्हणून घालायचे.

१८९६ साली रेल्वे आबिकोपर्यंत आली आणि तोक्योची माणसं तळ्याकाठी घरं घ्यायला लागली. कानोंनी १९११ साली घेतलं. वय पन्नास. तेव्हा ते तोक्योच्या उच्च शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे मुख्याध्यापक होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कानो म्हणजे ज्युदोवाले, एवढंच आपण धरून बसतो. पण त्यांची हयात शिक्षक घडवण्यात गेली. आमच्या गावच्या भाषेत ते मास्तर, आणि मास्तरांचेही मास्तर. आबिकोत त्यांनी शेतजमीनही घेतली, तिथे शाळा काढायचा त्यांचा विचार होता. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्य, आणि १९१२ ला स्टॉकहोमला जपानचा पहिला संघ त्यांच्याबरोबर गेला. खेळाडू किती? दोन.

कानोंच्या घरासमोर पायऱ्यांच्या पलीकडे त्यांचा भाचा राहायला आला, १९१४ मध्ये. यानागी सोएत्सु. हाच पुढे जपानच्या लोककारागिरीचा, साध्या वापरातल्या मडकी-भांड्यांच्या सौंदर्याचा कैवारी झाला. बर्नार्ड लीच नावाच्या इंग्रज कुंभाराने त्या घराच्या आवारात भट्टी लावली होती, ती १९१९ ला जळाली. त्या घराच्या दारात तीन शिई झाडं आहेत, घराला नावच 'तीन झाडांचं घर'. माझा भाचा मला हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, मामाने जागा निवडली आणि भाचा तिथे येऊन फुलला. माझ्या भाच्याने मला माझ्याच गुरूचं घर दाखवलं, हेही त्यातलंच.

आता मुख्य गोष्ट. १९२० च्या दशकात तेगानुमा आटवून शेती करायचा बेत पुन्हा वर आला. तेव्हा कानो साठी ओलांडलेले. आबिकोत राहणारे पत्रकार सुगिमुरा सोजिनकान, इतिहासाचे प्राध्यापक मुराकावा केंगो आणि कानो असे एकत्र आले आणि तळं राखण्यासाठी त्यांनी मंडळ काढलं. सोजिनकानचे दोन मुलगे १९२३ च्या भूकंपात गेले होते, आणि त्यानंतर तो कायमचा या तळ्याकाठी राहायला आला होता. अशा माणसाला तळं म्हणजे नुसता देखावा नसणार. कानो हयात असेपर्यंत तळं राहिलं.

मी त्या टेकाडावर उभी राहून हे ऐकत होते आणि मला ग्रामसभेतली माझी खुर्ची आठवली.

कारण मी मुलांना ज्युदोतला 'जु', म्हणजे नमतं घेणं, कसा समजावते? कानोंनीच दिलेलं उदाहरण घेते. समज तुझ्या अंगात सात जोर आहे आणि समोरच्याच्या अंगात दहा. त्याने पूर्ण ढकललं आणि तू पूर्ण अडवलंस, तर तू हरणार. पण तू त्याच्या जोराएवढीच मागे सरकलीस तर तो पुढे झुकतो, त्याचा तोल जातो. तोल गेलेल्या दहाचे आता तीनच उरले. आणि तुझे सात अजून तुझ्याकडेच आहेत. सहावीत एक मुलगी आहे, वजन एकतीस किलो. तिला मी गेल्या वर्षी हे शिकवलं. समोर आठवीतली, तिच्या दीडपट. मोठीने दोन्ही हातांनी कॉलर धरून रेटलं. छोटीने पहिलं पाऊल मागे टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्या पावलाला कंबर वळवून मोठीचं मनगट खाली ओढलं. मोठी पाठीवर पडली, हात मॅटवर आपटून उकेमी, म्हणजे न लागता पडणं, साधली, आणि हॉलमध्ये तो 'थाप' आवाज झाला. छोटीच्या चेहऱ्यावर भीती होती, आनंद नंतर आला. तोल मोडण्याच्या त्या क्षणाला कुझुशी म्हणतात. तोच ज्युदो. दोन पावलं मागे जाणं ही त्याची नुसती तयारी.

मी ग्रामसभेत ती दोन पावलं मागे गेले आणि मॅटच्या बाहेर जाऊन बसले.

कानोंनी स्वतःही हे सांगून ठेवलं आहे. नुसत्या नमण्याने सगळं होत नाही. कोणी मागून मिठी घालून तुम्हाला जखडलं तर तिथे वाट देण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे सुटायलाच लागतं. म्हणून त्यांनी 'जु'च्या वरचं तत्त्व मांडलं, सेइर्योकु झेन्यो: अंगात आणि मनात जी काही शक्ती आहे ती जिथे लागेल तिथे, चांगल्या कामाला, वाया न घालवता लावायची. कधी त्यात मागे सरकणं येतं, कधी पाय रोवणं. आणि त्याला जोडून दुसरं, जिता क्योएइ: आपलं आणि दुसऱ्याचं एकत्र भलं. १९२२ मध्ये त्यांनी ही दोन्ही तत्त्वं ज्युदोचा पाया म्हणून जाहीर केली. आमच्या हॉलच्या भिंतीवर ती ऑइलपेंटने लिहिलेली आहेत. जुलैच्या पाण्याची रेघ त्यांच्या बरीच खाली आहे, अक्षरं शाबूत आहेत. वीस वर्षं मी ती अक्षरं मुलांकडून घोकून घेतली. तळ्यासाठी मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांची गोष्ट ऐकली तेव्हा मला ती वाचता आली.

कानो १९३८ च्या मे महिन्यात गेले, कैरोहून ऑलिंपिक समितीची बैठक आटोपून परतताना, 'हिकावा मारू' जहाजावर, समुद्रात. ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला १९६४ ला, तोक्योतच. ते बघायला ते नव्हते. तळ्याचं पुढे काय झालं तेही त्यांनी बघितलं नाही, आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

युद्ध संपलं, देशात अन्नाची टंचाई, आणि १९४६ ला सरकारने तेगानुमा आटवायचं काम हाती घेतलं. ते १९६८ पर्यंत चाललं. तळ्याचा जवळपास अर्धा भाग भातशेतीची जमीन झाला. उपाशी देशाने भात पिकवायला पाणी बुजवलं, याला मी नावं ठेवू शकत नाही. रेशनच्या दिवसांच्या गोष्टी आमच्या घरातही आहेत. पण त्यानंतर जे झालं ते भुकेपोटी नव्हतं. तोक्यो वाढलं, कशिवा आणि आबिकोत वसाहती उठल्या, आणि त्या घरांचं सांडपाणी ओहोरी आणि ओत्सु या दोन लहान नद्यांतून थेट तळ्यात आलं. उथळ, अर्धं झालेलं, जवळजवळ साचलेलं पाणी. उन्हाळ्यात त्यावर हिरवं शेवाळ रंगाच्या साईसारखं धरायचं आणि सडायचं. जिथे मुलं पोहायची तिथे लोक नाक धरून जायला लागले. पाण्यातली घाण मोजायची एक पद्धत आहे, सीओडी म्हणतात, म्हणजे ती घाण रसायनाने जाळून टाकायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप. तेगानुमाला मानक आहे लिटरला ५ मिलिग्रॅम. १९७९ ला ते माप २८ वर गेलं. १९७४ ते २००० अशी सलग २७ वर्षं जपानमधल्या तळ्यांत सगळ्यांत घाणेरडं पाणी म्हणून तेगानुमाचं नाव पहिलं यायचं.

सत्तावीस वर्षं. माझ्या भाच्याच्या वयाएवढी.

आणि मग लोकांनी ते परत मिळवायला घेतलं. गटारांची मलवाहिनी टाकली. घराघरांत तेल नाल्यात न ओतण्याच्या मोहिमा झाल्या. २००० साली तोने नदीचं पाणी तळ्यात सोडणारा कालवा सुरू झाला, सेकंदाला १० घनमीटरपर्यंत. ज्या नदीच्या उलट्या पाण्याने काठच्या शेतांची दैना व्हायची, तिचंच पाणी आता तळ्याला धुऊन काढतं. पहिल्या नंबरावरून ते उतरलं. पाणी अजून मानकाच्या वरच आहे, पूर्ण स्वच्छ नाही, पण चांदवे आहेत, हंस आहेत, पक्ष्यांचं संग्रहालय आहे, आणि पक्ष्यांवर काम करणारी यामाशिना संशोधन संस्था १९८४ पासून तिथेच आहे. एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. गाशामोकु नावाची एक पाणवनस्पती, एके काळी तिथे भरपूर होती, घाणीच्या वर्षांत नाहीशी झाली. तिचं बी तळाच्या गाळात पडून राहिलं होतं. तो गाळ काढून स्वच्छ पाण्यात ठेवला तेव्हा ते बी रुजलं.

परत आल्यावर डिसेंबरात मी ज्युदोच्या मुलांना धामापूरला नेलं. दर वर्षी नेतेच, सरावासाठी चढ-उतार चांगला मिळतो. या वेळी काठावर बसवून सांगितलं. हे तळं १५३० सालचं, विजयनगरच्या राज्यातल्या नागेश देसायांनी बांधलेलं, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालून. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू हा मान दिला. देवी भगवतीची गोष्ट मुलांनीच मला सांगितली: लग्नासाठी दागिने हवे असले की फुलांची परडी पाण्यात सोडायची, परडी दागिने घेऊन वर यायची, लग्न झालं की दागिने परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि देणं बंद झालं. मग मी तेगानुमाचं सांगितलं, कानोंचं सांगितलं, आणि शेवटी आपल्या तळीचं. ती एकतीस किलोची मुलगी आता तेहतीसची झाली आहे. तिने विचारलं, "बाई, मग आपल्या तळीचं तोंड कोणी उघडलं तर चालेल ना?"

जानेवारीच्या ग्रामसभेत मी पुन्हा उभी राहिले. या वेळी दोन वाक्यं बोलून बसले नाही. भिजलेल्या मॅटचे फोटो होते, हॉलच्या भिंतीवरची पाण्याची रेघ होती, आणि दक्षिणेचं तोंड कुठे आहे त्याचा मी आणि आईने मिळून काढलेला नकाशा होता. पूर्ण तळी उपसायला कोणी हो म्हणालं नाही. गाड्या लावायची जागा राहणार आहे. मी तिथे दोन पावलं मागे गेले. पण तोंड मोकळं करायचं आणि व्हाळापर्यंतचा पाट साफ करायचा, एवढं सभेने मान्य केलं, आणि लेखी घेतलं. ज्याने मागच्या वेळी मला खेळ शिकवायला सांगितलं होतं, त्यानेच फावडी दिली.

मेच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी सहा ते साडेआठ आम्ही खणतो. मोठी माणसं सात-आठ, मुलं वीसेक. पहिल्या रविवारी नुसती माती निघाली. दुसऱ्या रविवारी फावडं दगडावर वाजलं. हाताने माती बाजूला केली तर चिऱ्याची कड, झिजलेली, मध्ये खोलगट. नवव्या पायरीच्या शेजारचा दगड, ज्यावर आई कपडे आपटायची. गेल्या रविवारपर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंचे चिरे दिसायला लागले आहेत. आतला गाळ काळा, लोण्यासारखा मऊ, आणि त्याला तो हॉलमधला कुबट वास नाही, ओल्या मातीचा वास आहे.

आई रोज येऊन बघते. काल काठावर उभी राहून मला म्हणाली, "तो गाळ रस्त्यार टाकू नको गो. दोन घमेली माडाच्या मुळात घाल."

रविवारी घालणार आहे. पाऊस यायला तीन आठवडे आहेत आणि पाटाचे अजून चाळीस फूट खणायचे आहेत.